एका गाडीपुरता कापलेला बंपर

मित्रांनो, मी एक जुना बंपर आहे. पण आज मला पाहून तुम्ही तसे म्हणणार नाही. तुम्हाला वाटेल, पडले आहे एखादे गंजके लोखंड. माझ्या अंगावर चकाकी नाही, बोल्ट नाहीत, आणि मी ज्या गाडीचा आहे ती गाडीही जवळ नाही. अमेरिकेतल्या टोलेडो शहरात नदीच्या अलीकडे कॅझ नोविकी नावाच्या माणसाचा क्रोम चढवायचा कारखाना आहे. त्याच्या फरशीवर, खिडकीखाली, मी आडवा पडलो आहे. दारांना सरकारी सील आहे. खिडकीची एक काच फुटली आहे. तेवढ्यातून मला बाहेरचे बोलणे ऐकू येते. जे सोसले आणि जे ऐकले, तेच सांगतो.

माझा जन्म याच शहरातला. पोलादाचा एक सपाट पत्रा मोठ्या प्रेसखाली सरकला, एक दणका बसला आणि माझा बंपर झाला. मग मला घासले, तांब्याच्या पाण्यात बुडवले, मग निकेलच्या, शेवटी क्रोमच्या. बाहेर आलो तेव्हा माझ्यात छताचे दिवे दिसत होते. त्या बंपरच्या कारखान्यात केंटकीच्या डोंगरातून पोटासाठी आलेले दोन भाऊ होते. थोरला व्हर्लिन टॅकेट पॉलिशच्या खात्यात आणि धाकटा एमेट वेल्डिंगवर. माझ्या अंगावरून त्यांचा हात फिरला होता की नाही, हे मला सांगता येणार नाही. एकेका पाळीत माझ्यासारखे शेकडो बाहेर पडत, आणि तेव्हा मी माणसे ओळखायला शिकलो नव्हतो.

मला एका गर्द हिरव्या, दोन दारांच्या गाडीला पुढून लावले. लांब नाक, दांडगे इंजिन, आणि आवाज असा की शेजारच्या घरातल्या बशा वाजाव्यात. अशा गाड्यांना मसल कार म्हणत. पैलवानच ती! व्हर्लिनने ती लग्नाच्या वर्षी घेतली. रविवारी तो आणि त्याची बायको ओपल सरोवराच्या काठाने लांब फिरायला जात. ओपल माझ्यावर टेकून आइस्क्रीम खाई आणि थेंब पडला की स्वतःच्या बाहीने पुसे. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. ते लोखंड खाते. म्हणून व्हर्लिन घरी आला की आधी मला कोमट पाण्याने धूत असे आणि मग जेवायला बसत असे. मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते. ते फार नव्हते.

एक गोष्ट मात्र व्हर्लिनला सारखी खुपे. जोडणीच्या कारखान्यात काम लवकर उरकावे म्हणून मला गाडीच्या अंगापासून दूर टांगले होते. मध्ये हात जाईल एवढी फट होती. माझी दोन्ही टोके गाडीच्या बाहेर डोकावत, आणि तोंडावर बोल्टांच्या गोल डोक्यांची रांग दिसे.

"आम्ही बनवतो दागिना," तो ओपलला म्हणे, "आणि ते टांगतात घोड्याच्या तोबऱ्यासारखा."

मग संपाचा हिवाळा आला. कारखान्याच्या फाटकासमोर पिंपात लाकडे पेटवून माणसे उभी राहू लागली. एमेट त्यांच्यात पुढे होता. सुरुवातीला व्हर्लिनही तिथेच उभा राहिला. पण ओपलच्या पोटात गाठ निघाली होती. ऑपरेशन ठरले होते, आणि संपावर गेलेल्यांचा विमा बंद होणार होता. एका सकाळी व्हर्लिनने गाडी काढली आणि सरळ फाटकावर आणली.

एमेट माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्याच्या हातात लोखंडी पाइप होता.

"गाडी वळव, व्हर्लिन."

"बाजूला हो. मी कशासाठी चाललोय ते तुला माहीत आहे."

"इथे प्रत्येकाच्या घरी काही ना काही आहेच."

"मग प्रत्येकाने आपापलं बघावं."

एमेटने पाइप उचलला आणि माझ्या डाव्या अंगावर हाणला. खोल पोचा पडला. क्रोम तडकला. व्हर्लिनने ब्रेकवर पाय ठेवला नाही. एमेटला बाजूला व्हावे लागले. गाडी आत गेली. सगळ्या फाटकाने ते पाहिले.

ओपल वाचली. कारखाना मात्र वाचला नाही. पुढे थोड्याच दिवसांत मालकांनी त्याला कुलूप घातले, आणि संप करणारे व फाटक ओलांडणारे एकाच दिवशी घरी गेले. दोघे भाऊ त्यानंतर कित्येक वर्षे एकमेकांशी बोलले नाहीत. एकाच शहरात राहत, एकाच दुकानातून पाव घेत, पण बोलत नसत. आईला पुरले तेव्हाही ते कबरीच्या दोन बाजूंना उभे होते, असे ओपल एकदा रडत म्हणाली होती.

व्हर्लिनने गाडी घरामागच्या शेडमध्ये लावली आणि तिच्यावर ताडपत्री टाकली. माझा पोचा काढणे त्याला अवघड नव्हते. त्याने काढला नाही. तडकलेल्या क्रोमखाली गंज शिरला आणि आतल्या आत पसरत गेला. ताडपत्रीच्या अंधारात किती हिवाळे गेले, ते मी मोजले नाहीत. उंदरांनी सीटमध्ये घरे केली. मला वाटले, आपला शेवट इथेच.

मग एक दिवस ताडपत्री निघाली. समोर व्हर्लिन होता, पण मी त्याला आधी ओळखले नाही. केस पांढरे, गाल बसलेले, नाकात नळी, आणि ती नळी चाकांवरच्या ऑक्सिजनच्या सिलिंडरला जोडलेली. कारखान्यात बंपर घासताना उडालेली धूळ त्याच्या छातीत साठली होती.

"श्वास घ्यायला नळी लागते आणि म्हणे गाडी बांधतो!" ओपल दारातून म्हणाली.

"म्हणूनच तर बांधतो. चालता आलं असतं तर फिरायला नसतो गेलो?" तो माझ्याजवळ वाकला. "हिला एकदा, जशी असायला हवी होती तशी करायची. बंपर कापायचे, गाडीच्या अंगासरसे बसवायचे. बोल्ट दिसता कामा नयेत."

बसून करण्यासारखे सगळे काम त्याने हळूहळू केले. पण बंपर कापायचा तर वेल्डिंग हवे. आणि ऑक्सिजन लावलेल्या माणसाने ठिणगीजवळ जायचे नसते. ओपलने त्याला न विचारता कुणाला तरी फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी शेडच्या दारात एक म्हातारा उभा राहिला. त्याच्या काखेत वेल्डिंगचा मुखवटा होता.

"ओपल म्हणाली, जोड घालायचाय," एमेट म्हणाला.

व्हर्लिनने नाकातली नळी सारखी केली. "म्हातारा झालास की."

"तू मोठा नवरदेव दिसतोस! नाकात नळी घातलेला."

"आत ये. गारठा येतोय."

एवढेच. मित्रांनो, मला वाटले होते की आता भांडण होईल, किंवा दोघे गळ्यात पडून रडतील. तसे काही झाले नाही. व्हर्लिनने माझ्या पोच्यावर बोट ठेवले.

"हा तुझा माल. तूच काढ."

एमेटची मान खाली गेली. "अजून ठेवलायस होय?"

"दुसऱ्या कुणाला देणार?"

माझा मागचा भाऊ, म्हणजे गाडीचा मागचा बंपर, त्यांनी आधी हाती घेतला. हात बसावा म्हणून. जुने क्रोम तसेच ठेवून वेल्डिंग केले तर विषारी धूर निघतो. म्हणून आम्हाला दोघांना आधी कॅझकडे नेले. कॅझच्या बापाने पोलंडहून येऊन हा कारखाना काढला होता. कॅझनेही सगळी हयात त्यातच घालवली. त्याच्या बोटांच्या टोकांना कायमचा हिरवट रंग चढला होता.

"धडधाकट बंपर कापायचे?" तो हसत म्हणाला. "डोंगरातल्या माणसांना शहरात येऊन इतकी वर्षं झाली, अक्कल अजून वाटेतच आहे."

"तुझ्या अकलेची तर पोलंडहून बोटच चुकली म्हणे," व्हर्लिन म्हणाला. कॅझने आमचे जुने क्रोम उतरवून दिले.

कापायच्या दिवशी एमेट करवत हातात घेऊन थांबला. "अजून विचार कर. कंपनीने दिलाय तसा राहिला तर त्याला मान आहे. एकदा कापला की परत फिरता येणार नाही."

"कंपनीने आपल्याला काय दिलं, एमेट?" व्हर्लिन म्हणाला. "काप."

माझा मागचा भाऊ कापला, जोडला, कॅझकडे गेला आणि आरसा होऊन परत आला. तो गाडीला बसला तेव्हा ओपल मक्याचा पाव आणि घेवड्याची उसळ घेऊन शेडमध्येच जेवायला आली. गाडी मागून नवीकोरी दिसत होती. पुढून मात्र दात पडलेल्या म्हातारीसारखी. मग माझी पाळी आली.

एमेटने आधी पोचा काढला. माझ्या पाठीमागून, लाकडी ठोकळा धरून, छोट्या छोट्या ठोक्यांनी. घाव एका तडाख्यात पडला होता. निघायला फार वेळ लागला. पत्रा सपाट झाल्यावर एमेटने त्यावरून तळहात फिरवला, पुन्हा फिरवला, आणि मग व्हर्लिनचा हात धरून तिथे ठेवला.

वेल्डिंगला सुरुवात झाली की व्हर्लिनला बाहेर जावे लागे. अंगणाच्या पार टोकाला, मेपलच्या झाडाखाली, त्याची खुर्ची आणि सिलिंडर ठेवलेले असत. तिथून तो ओरडे.

"किती कापतोस?"

"अंगठाभर!"

"कुणाचा अंगठा? तुझा की माझा?"

"माणसाचा!"

"मग थांब, मी येतो!"

"तिथेच बस! उडवून देशील सगळ्यांना!"

स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओपल ओरडली, "इतकी वर्षं गप्प होतात तेच बरं होतं! शेजारी पोलीस बोलावतील!"

पण ती हसत होती. मला ते तिच्या आवाजातून कळले.

त्यांनी मला मधोमध कापले, अंगठाभर पट्टी काढून टाकली आणि दोन्ही अर्धे पुन्हा जोडले. माझी टोके गाडीच्या कडेच्या वळणाप्रमाणे छाटली. बोल्टांची भोके एकेक करून भरली आणि घासून सपाट केली. मला धरून ठेवणारे लोखंडी हात आखूड केले, आणि गाडीच्या अंगावरची जुनी भोके कायमची बुजवली. दुखले नाही असे मी म्हणणार नाही. पण जेव्हा मला गाडीला लावून पाहिले, तेव्हा व्हर्लिन सिलिंडर ओढत आत आला आणि त्याने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कडेवरून नख फिरवले. नख कुठे अडकले नाही, कुठे आत गेले नाही.

"एमेट," तो म्हणाला, "आता हा गाडीचा झाला."

आणि ते खरे होते. आता मी जगातल्या दुसऱ्या कुठल्याही गाडीला बसणार नव्हतो, आणि त्या गाडीला दुसरा कुठलाही बंपर बसणार नव्हता. तेव्हा मला याचा केवढा अभिमान वाटला!

फक्त क्रोम चढवायचे राहिले होते. व्हर्लिन स्वतः ट्रकमध्ये बसून मला पोचवायला आला. त्याला तेवढ्यानेही धाप लागली होती.

"बर्फ पडायच्या आत दे, कॅझ. रस्त्यावर मीठ पडलं की ओपलला बाहेर काढता येणार नाही."

"ओपलला की गाडीला?"

"दोघींना."

कॅझने मला या खिडकीखाली ठेवले. मी उघडा पोलाद होतो. माझ्यावर तेलाचा हातसुद्धा नव्हता, कारण लगेच टाकीत उतरायचे होते.

टाकीत उतरणे झाले नाही. कारखान्यामागच्या चरातले पाणी पिवळे झाल्याचे कुणीतरी कळवले. तपासणीसाठी माणसे आली, फरशीला भोके पाडून खालची माती घेऊन गेली. कॅझच्या बापाने बसवलेली टाकी तळाशी कधीच फुटली होती. क्रोमचे विष वर्षानुवर्षे जमिनीत झिरपत होते. कॅझला ते ठाऊक नव्हते. त्याने कधी फरशी उचलून पाहिली नव्हती, एवढे मात्र खरे. सरकारी माणसांनी त्याला आहे त्या कपड्यांनिशी बाहेर काढले आणि दारे बंद केली. आतली कुठलीही वस्तू बाहेर न्यायची नाही, असा हुकूम झाला.

एमेट आला तेव्हा कॅझ बाहेर रस्त्याच्या कडेला उभा होता. खिडकीची काच त्याच दिवशी फुटली. एमेटने फोडली.

"तो बघ, समोर पडलाय! हात घातला की मिळेल!"

"घालू नकोस. तुरुंगात टाकतील."

"टाकू देत! माझ्या भावाचा बंपर आहे तो!"

"एमेट, माझ्या बापाचा फोटो आहे त्या भिंतीवर. मला तोसुद्धा आणू देत नाहीत."

एमेटने तरीही हात घातला. पण मी खूप खाली होतो. त्याची बोटे माझ्यापासून वीतभर वर फिरत राहिली, आणि काचेने मनगट कापले तेव्हा कॅझने त्याला ओढून बाजूला घेतले.

त्यानंतर बर्फ पडला. फुटलेल्या काचेतून तो माझ्यावरही पडला. उघड्या पोलादाला गंज चढायला वेळ लागत नाही. आधी तांबूस सावली आली, मग खवले. ज्या जागी एमेटने जोड घातला होता तिथे गंज सर्वांत आधी धरला.

एमेट अधूनमधून येई. कॅझही दारे बंद असताना रोज येऊन बाहेर उभा राही, नोकरीवर आल्यासारखा. दोघे थंडीत कॉफी पीत बोलत.

"दुसरा जुना बंपर मिळाला," एमेट एकदा म्हणाला. "तसाच कापायला घेतला. जाळून भोक पाडलं मी. माझ्या हातून असं कधी झालं नव्हतं."

"वय झालं."

"वय नाही रे. बाहेरून कुणी ओरडत नव्हतं. व्हर्लिन आता खाटेवरून उठत नाही. अंगण एवढं गप्प असतं की मला हातच चालवता येत नाही."

नंतर बरेच दिवस तो आला नाही. आला तेव्हा अंगात अंत्यविधीचा काळा कोट होता. कॅझने टोपी काढली.

"शेवटी बोलला का काही?" कॅझने विचारले.

"विचारलं, बंपर आला का. मी म्हटलं, आला. बसवला. म्हणाला, कसा दिसतो? मी म्हटलं, तुझं तोंड दिसेल इतका लखलखीत. तो माझ्याकडे बघून हसला. म्हणाला, एमेट, तुला खोटं बोलायला कधीच जमलं नाही. मग त्याला झोप लागली. ती लागलीच."

"आणि गाडी?"

"ओपल म्हणते, ताडपत्री टाक. मी टाकली."

"आणि तू?"

"मी काय? मला त्याच्याशी बोलायचं होतं खूप. आम्ही बंपरचंच बोलत राहिलो. म्हटलं, हे काम झालं की मग निवांत बसू."

त्या दिवसानंतर एमेट पुन्हा आला नाही.

काल खिडकीबाहेर कॅझ एका सरकारी माणसाला विचारत होता की आतल्या वस्तूंचे काय करणार. तो माणूस वाईट नव्हता. त्याने नीट समजावून सांगितले. सगळे विषारी कचरा म्हणून पिंपांत भरायचे, पिंपे सील करायची आणि दूर कुठेतरी खोल खड्ड्यात पुरायची. मित्रांनो, इतर भंगाराला निदान भट्टी मिळते. वितळून त्याची कढई होते, कुंपणाची सळई होते. माझे काहीच होणार नाही. मी मोठा असल्यामुळे पिंपात बसावे म्हणून मला पुन्हा कापतील. या वेळी कुणी अंगठा धरून मोजणार नाही.

मला वाचवा, असे मी म्हणत नाही. ते आता कुणाच्याच हातात नाही. व्हर्लिनच्या हातून काही चुकले असेही मला वाटत नाही. त्याने हौसेने काम काढले, आणि ते करण्यासारखेच होते. फक्त फार उशिरा काढले. तेव्हा तुम्हाला एवढेच विनवतो. तुमच्या घरी कुणासाठी तरी एखादे काम अर्धे उघडून ठेवलेले असेल, तर ते माणूस आहे तोवर पुरे करा. आणि ते करता करता त्याच्याशी कामाशिवायचेही दोन शब्द बोला. काम झाल्यावर निवांत बसू, असे म्हणू नका.

बाहेर ट्रकचा आवाज येतो आहे. पांढरे कपडे आणि जाड हातमोजे घातलेली माणसे उतरत आहेत. कॅझ त्यांना हाताने दाखवतो आहे, खिडकीखाली, तो लांब तुकडा, जरा सांभाळून. त्यांच्यातला एक जण विचारतो, "का? काय आहे तो?"

कॅझ टोपी काढतो.